बर्नी सँडर्स : शटडाऊन संपलं, तरी ८४ वर्षांचे हे सिनेटर कशासाठी भांडतायत?

९ नोव्हेंबर २०२५, रविवारची रात्र. अमेरिकेच्या सिनेटमध्ये ६० विरुद्ध ४० मतांनी एक प्रस्ताव पुढे सरकला आणि ४० दिवस ठप्प असलेलं सरकार पुन्हा सुरू होण्याचा रस्ता मोकळा झाला.

या ६० मतांमध्ये ८ मतं विरोधी बाकांवरून आली होती. त्यात ७ डेमोक्रॅट होते आणि आठवे होते मेन राज्याचे अपक्ष सिनेटर अँगस किंग.

सिनेटमध्ये एकूण दोनच अपक्ष आहेत. त्यातले दुसरे, म्हणजे व्हरमाँटचे बर्नी सँडर्स, मात्र विरोधात मत देणाऱ्या ४० जणांमध्ये होते. आपल्याच बाजूच्या सहकाऱ्यांनी मोठी चूक केली, असं त्यांनी त्याच रात्री जाहीरपणे सांगितलं.

१२ नोव्हेंबरला प्रतिनिधी सभागृहाने हे विधेयक २२२ विरुद्ध २०९ मतांनी मंजूर केलं, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केली आणि अमेरिकेच्या इतिहासातलं तोवरचं सगळ्यात लांबलेलं, ४३ दिवसांचं शटडाऊन संपलं.

पण ज्या मुद्द्यावरून हे सगळं सुरू झालं, तो मुद्दा जिथल्या तिथेच राहिला. हा मुद्दा होता सामान्य माणसाच्या आरोग्य विम्याच्या हप्त्याचा.

सँडर्स गेली ३० हून अधिक वर्षं तीन विषयांवर बोलत आले आहेत : सरकारचा पैसा कुणावर खर्च होतो, आजारी माणसाचं बिल कोण भरतं आणि बँकांवर लगाम कुणाचा. हे तिन्ही विषय एकमेकांशी कसे जोडलेले आहेत आणि सँडर्स यांच्या म्हणण्यात किती तथ्य आहे, हे समजून घेऊया.

कोण आहेत बर्नी सँडर्स?

सोशल मीडियावर असणाऱ्या बहुतेकांनी सँडर्स यांना एकदा तरी पाहिलंय. २० जानेवारी २०२१ ला जो बायडन यांच्या शपथविधीत, कडाक्याच्या थंडीत, लोकरीचे हातमोजे घालून, हाताची घडी घालून घडीच्या खुर्चीवर बसलेले आजोबा आठवतायत? त्या फोटोचे मीम्स जगभर फिरले. त्यातही मराठी पेजेस मागे नव्हती. एसटी स्टँडपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे लोकांनी त्यांना नेऊन बसवलं.

सँडर्स यांचा जन्म १९४१ सालचा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. १९८१ मध्ये ते व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहराचे महापौर झाले, तेही अवघ्या १० मतांनी. १९९१ ते २००७ ते प्रतिनिधी सभागृहात होते आणि २००७ पासून सिनेटमध्ये आहेत. अमेरिकी काँग्रेसच्या इतिहासात इतका काळ अपक्ष राहिलेला दुसरा लोकप्रतिनिधी नाही.

ते स्वतःला 'डेमोक्रॅटिक सोशलिस्ट' म्हणवतात. सिनेटमध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या गटासोबत बसतात. २०१६ आणि २०२० मध्ये त्यांनी त्याच पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली होती, दोन्ही वेळा ते हरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते चौथ्यांदा सिनेटवर निवडून आले. भारतीय वंशाचे जोहरान ममदानी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले, त्यांच्या मागेही सँडर्स उभे होते.

शटडाऊनचं भांडण नेमकं कशावरून होतं?

अमेरिकेत ज्यांना नोकरीतून आरोग्य विमा मिळत नाही, असे लोक 'ओबामाकेअर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखाली सरकारी बाजारपेठेतून खासगी कंपनीचा विमा घेतात. छोटे दुकानदार, शेतकरी, फ्रीलान्सर, निवृत्तीच्या वयाच्या थोडं अलीकडे असलेले लोक यात येतात. २०२५ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख लोकांनी असा विमा घेतला होता आणि त्यातल्या सुमारे २ कोटी २० लाख लोकांना हप्त्यावर सरकारी सवलत मिळत होती.

कोव्हिडच्या काळात, मार्च २०२१ मध्ये, ही सवलत वाढवण्यात आली. विम्याचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त जाणार नाही, अशी सोय झाली. २०२२ मध्ये तिला मुदतवाढ मिळाली, पण ती २०२५ च्या अखेरपर्यंतच.

ही वाढीव सवलत गेल्याने काय होणार होतं? केएफएफ या आरोग्य धोरणावर काम करणाऱ्या संस्थेचा हिशेब असा होता की, सवलत घेणाऱ्यांच्या खिशातून वर्षाला सरासरी ८८८ डॉलर जात होते, ते १,९०४ डॉलरवर जातील. म्हणजे दुपटीहून जास्त.

ही झाली सरासरी. काही घरांचं गणित याहून कठीण आहे. साठीचं एक जोडपं आहे आणि दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ८५ हजार डॉलर आहे, असं धरा. २०२५ मध्ये साडेआठ टक्क्यांच्या नियमाने त्यांचा हप्ता वर्षाला सव्वासात हजार डॉलरच्या आसपास होता. सवलतीची मर्यादा ओलांडल्यामुळे त्यांना २०२६ मध्ये काहीच सवलत मिळणार नव्हती आणि केएफएफच्या अंदाजानुसार त्यांचा हप्ता सुमारे २२ हजार ६०० डॉलरने वाढणार होता. म्हणजे उत्पन्नाचा तिसरा हिस्सा विम्यातच जाणार होता. ६५ व्या वर्षी त्यांना सरकारी 'मेडिकेअर' मिळेल, पण तोवरची पाच वर्षं काढायची कशी?

ही सवलत कायम ठेवा, तरच सरकारच्या खर्चाला मंजुरी देतो, अशी डेमोक्रॅटांची अट होती. रिपब्लिकन पक्षाचं म्हणणं होतं की, आधी सरकार सुरू करा, सवलतीचं नंतर बघू. शिवाय ती कायम ठेवायला १० वर्षांत सुमारे ३५ हजार कोटी डॉलर लागतील, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा, म्हणजे सीबीओचा अंदाज होता. हा पैसा लोकांच्या हातात न जाता विमा कंपन्यांना जातो, हाही त्यांचा मुद्दा.

४० दिवसांत लाखो सरकारी कर्मचारी पगाराविना राहिले, विमानं रद्द झाली आणि ४ कोटींहून जास्त लोक ज्यावर अवलंबून आहेत ती अन्नमदत अडकली. शेवटी डिसेंबरमध्ये सवलतीवर सिनेटमध्ये मतदान घेऊ, या आश्वासनावर आठ जणांनी माघार घेतली. प्रतिनिधी सभागृहाने मात्र तेव्हा कसलाही शब्द दिला नव्हता. सँडर्स यांचा राग नेमका इथे होता. नुसत्या मतदानाच्या आश्वासनाने कुणाचा हप्ता कमी होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

भारतात असं शटडाऊन का होत नाही?

भारतात अर्थसंकल्प लोकसभेत नामंजूर झाला तर सरकारने बहुमत गमावलं असा अर्थ होतो आणि सरकारला जावं लागतं. अर्थसंकल्प मंजूर व्हायला उशीर होणार असेल, तर लेखानुदान घेऊन कारभार चालू ठेवता येतो.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष संसदेच्या बहुमतावर अवलंबून नसतात. त्यामुळे खर्चाला मंजुरी मिळाली नाही तरी सरकार पडत नाही, पण तिजोरी बंद होते. त्यातून सिनेटमध्ये बहुतेक विधेयकं पुढे न्यायला १०० पैकी ६० मतं लागतात. रिपब्लिकन सिनेटर आहेत ५३. म्हणून विरोधकांची काही मतं मिळवल्याशिवाय त्यांना सरकार उघडता येत नव्हतं.

याला एक पळवाट आहे, तिचं नाव 'रिकन्सिलिएशन'. कर आणि खर्चाशी थेट संबंध असलेलं विधेयक या मार्गाने साध्या बहुमतावर मंजूर होतं. आपल्याकडे 'मनी बिल' म्हटलं की राज्यसभेला ते अडवता येत नाही, साधारण तशीच ही सोय. अमेरिकेतले गेल्या काही वर्षांतले बरेच मोठे आर्थिक निर्णय याच दारातून आत आलेत.

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेलं 'वन बिग ब्युटिफुल बिल' हे त्यातलंच. सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मतावर ते मंजूर झालं.

अर्थसंकल्पाबद्दल सँडर्स यांचं म्हणणं काय?

तूट किती, यापेक्षा ती कुणासाठी केली जाते, हा सँडर्स यांचा पहिला प्रश्न असतो.

१० डिसेंबर २०१० ला ते सिनेटमध्ये सकाळी बोलायला उभे राहिले आणि साडेआठ तास बोलत राहिले. तेव्हा त्यांचं वय ६९ होतं. जॉर्ज बुश यांच्या काळातली करकपात श्रीमंतांसाठीही पुढे चालू ठेवण्याचा समझोता बराक ओबामांनी रिपब्लिकन नेत्यांशी केला होता, त्याला त्यांचा विरोध होता. पाच दिवसांनी तो समझोता ८१ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला. सँडर्स हरले, पण त्या दिवसाने त्यांना देशभर ओळख मिळवून दिली.

१५ वर्षांनंतर 'बिग ब्युटिफुल बिल'बद्दल त्यांचा आक्षेप तोच आहे. सीबीओच्या अंदाजानुसार या कायद्यामुळे १० वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल. (१ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी.) गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेवरचा केंद्राचा खर्च सुमारे ९१ हजार कोटी डॉलरने कमी होईल आणि २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या १ कोटीने वाढेल.

रिपब्लिकनांची बाजू अशी की, धडधाकट माणसाने महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केली, तरच त्याला सरकारी विमा मिळावा. त्यामुळे खऱ्या गरजूंसाठी योजना टिकेल. शिवाय करकपातीमुळे गुंतवणूक आणि रोजगार वाढतील. सँडर्स यांचं उत्तर असं की, करकपातीचा मोठा वाटा वरच्या उत्पन्नगटाला जातो आणि तिची किंमत दवाखान्याच्या रांगेत उभा असलेला माणूस मोजतो.

पण तुटीचा प्रश्न सँडर्स यांनाही विचारावा लागतो. अमेरिकेचं कर्ज ऑक्टोबर २०२५ मध्ये ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. निव्वळ व्याजच वर्षाला १ लाख कोटी डॉलरच्या घरात पोहोचलंय. श्रीमंतांवर कर लावा आणि संरक्षणखर्च कापा, हे त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. संरक्षणखात्याच्या मोठ्या खर्चविधेयकांच्या विरोधात ते सातत्याने मत देतात. पण युरोपात ज्या देशांची उदाहरणं ते देतात, तिथे मध्यमवर्गही अमेरिकेपेक्षा बराच जास्त कर भरतो. ही गोष्ट त्यांच्या भाषणांत मागे पडते.

सत्ता हातात आली तेव्हा त्यांनी काय केलं?

२०२१ ते २०२३ या काळात सँडर्स सिनेटच्या अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष होते. आयुष्यभर विरोधात बोललेल्या माणसाच्या हातात हिशेबाची वही आली होती.

सुरुवात जोरात झाली. मार्च २०२१ मध्ये १.९ लाख कोटी डॉलरचं कोव्हिड मदत विधेयक रिकन्सिलिएशनच्या मार्गाने मंजूर झालं. २०२५ मध्ये ज्या विमा सवलतीवरून रण पेटलं, ती याच विधेयकातून आली. पण तासाला किमान १५ डॉलर मजुरीची त्यांची आवडती मागणी नियमात बसत नाही म्हणून बाहेर पडली. तरीही त्यांनी ती मतदानाला आणली, तेव्हा ४२ विरुद्ध ५८ मतांनी ती पडली. म्हणजे त्यांच्या गटातल्याच आठ जणांनी साथ दिली नाही.

मग त्यांनी ६ लाख कोटी डॉलरची योजना मांडली. वाटाघाटीत ती ३.५ लाख कोटींवर आली. डिसेंबर २०२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट सिनेटर जो मँचिन यांनी पाठिंबा नाकारला आणि सगळं कोसळलं.

ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातून उरलेलं, बरंच लहान विधेयक मंजूर झालं. त्या मतदानाआधी सँडर्स यांनी मुलांच्या पालकांना मिळणारी करसवलत परत आणण्याची दुरुस्ती मांडली. निकाल होता १ विरुद्ध ९७. ते एक मत त्यांचं स्वतःचं. सहकाऱ्यांना मुद्दा पटत नव्हता असं नाही, पण एक दुरुस्ती घातली तर सगळी तडजोड मोडेल, ही भीती होती.

तरीही त्यांनी शेवटी विधेयकाच्या बाजूने मत दिलं. कारण त्यात दोन गोष्टी होत्या. मेडिकेअरला औषध कंपन्यांशी काही औषधांच्या किमतीवर घासाघीस करण्याचा अधिकार मिळाला आणि मेडिकेअरवरच्या ज्येष्ठांसाठी इन्सुलिनचा महिन्याचा खर्च ३५ डॉलरवर बांधला गेला.

औषधांच्या किमतीवर त्यांचा एवढा रोख का?

कारण हा विषय त्यांनी रस्त्यावर उतरून हाताळलाय. १९९९ मध्ये ते व्हरमाँटमधल्या काही महिलांना बसमध्ये बसवून सीमेपलीकडे कॅनडात घेऊन गेले. स्तनाच्या कर्करोगावरचं एक औषध तिथे अमेरिकेच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात मिळत होतं. २०१९ मध्ये त्यांनी मधुमेहींना घेऊन इन्सुलिनसाठी तशीच वारी केली.

२०२३ मध्ये ते सिनेटच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी ओझेम्पिक बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कच्या प्रमुखांना समितीसमोर बोलावलं. अमेरिकेत या औषधाची महिन्याची छापील किंमत ९६९ डॉलर आणि जर्मनीत ५९ डॉलर, हे कसं, असा त्यांचा प्रश्न होता. कंपनीने मधल्या दलाल कंपन्यांकडे बोट दाखवलं.

'मेडिकेअर फॉर ऑल' म्हणजे काय?

अमेरिका आरोग्यावर जगात सगळ्यात जास्त खर्च करते. २०२३ मध्ये हा खर्च ४.९ लाख कोटी डॉलर होता, म्हणजे माणशी सुमारे १४,५७० डॉलर. तरीही त्या वर्षी सुमारे २ कोटी ६० लाख लोकांकडे विमा नव्हता.

१९६५ मध्ये ६५ वर्षांवरच्या नागरिकांसाठी मेडिकेअर सुरू झालं. हेच मेडिकेअर सगळ्या वयाच्या लोकांना द्या, ही सँडर्स यांची मागणी. दवाखाने आणि डॉक्टर खासगी राहतील, पण बिल सरकार भरेल. विमा कंपनी मधे नसेल आणि हप्ताही नसेल, त्याऐवजी कर असेल.

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय खासगी असलं तरी ठरलेल्या उपचारांचं बिल सरकारी योजनेतून जातं. पैसे देणारं सरकार आणि उपचार करणारा खासगी, ही कल्पना तिथून समजायला सोपी जाते. फरक एवढाच की, फुले योजनेला ५ लाखांची मर्यादा आणि उपचारांची यादी आहे. सँडर्स यांच्या प्रस्तावात बाह्यरुग्ण तपासणीपासून दात-डोळ्यांपर्यंत सगळंच येतं.

डिसेंबर २००९ मध्ये ओबामाकेअरवर चर्चा चालू असताना सँडर्स यांनी ही दुरुस्ती सिनेटमध्ये आणली. रिपब्लिकन सिनेटर टॉम कोबर्न यांनी ७६७ पानांची ती दुरुस्ती अक्षर न् अक्षर वाचून दाखवण्याची मागणी केली. जवळपास तीन तास वाचन चाललं आणि मूळ विधेयकच अडकू नये म्हणून सँडर्स यांनी दुरुस्ती मागे घेतली. पण बदल्यात त्यांनी गरीब वस्त्यांतल्या आणि ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांसाठी १,१०० कोटी डॉलर त्या कायद्यात घालून घेतले. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसारखं काम करणारी ही केंद्रं हे त्यांचं बहुधा सगळ्यात टिकाऊ काम.

२०१३ मध्ये त्यांच्या विधेयकाला सिनेटमध्ये एकही सहप्रस्तावक मिळाला नव्हता. २०१७ मध्ये १६ मिळाले. कायदा झाला नाही, पण चर्चेचा मध्यबिंदू सरकला, असं त्यांचे समर्थक म्हणतात ते यामुळेच.

मग हे होत का नाही?

पहिलं कारण पैसा. मर्केटस सेंटर या मुक्त बाजारवादी संशोधन संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला. या योजनेमुळे केंद्र सरकारचा खर्च १० वर्षांत ३२.६ लाख कोटी डॉलरने वाढेल, असं त्यात म्हटलं होतं. विरोधकांनी हा आकडा उचलून धरला. पण त्याच हिशेबात असंही होतं की, लोक आणि कंपन्या आज जे भरतात ते वाचल्यामुळे देशाचा एकूण आरोग्यखर्च थोडा कमी होईल. मग सँडर्स यांनी हा आकडा उचलून धरला. यातली मेख अशी की, ही बचत तेव्हाच होईल, जेव्हा रुग्णालयं मेडिकेअरच्या कमी दराने सगळ्यांवर उपचार करायला तयार होतील. ते शक्य आहे का, यावरच सगळा वाद आहे.

दुसरं कारण सवय. १५ कोटींहून जास्त अमेरिकनांना नोकरीतून विमा मिळतो. तो सोडून सरकारी विम्यात या, असं सांगितलं की आज ज्यांचं बरं चाललंय ते घाबरतात. मध्यमवर्गाचा कर वाढेल, हे सँडर्स यांनी मान्य केलंय. हप्ता वाचेल त्यापेक्षा कर कमीच असेल, असा त्यांचा दावा आहे. पण पगाराच्या स्लिपवर कर दिसतो, कंपनीने परस्पर भरलेला हप्ता दिसत नाही.

आणि तिसरं उदाहरण थेट त्यांच्या घरचं. मे २०११ मध्ये व्हरमाँटने राज्यापुरती अशीच योजना आणण्याचा कायदा केला. लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास, सरकार अनुकूल. पण डिसेंबर २०१४ मध्ये गव्हर्नर पीटर शमलिन यांनी ती गुंडाळली. तिच्यासाठी कंपन्यांवर पगारखर्चाच्या ११.५ टक्के आणि व्यक्तींवर उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांपर्यंत नवा कर लावावा लागणार होता. छोट्या राज्याला जे झेपलं नाही ते देशाला झेपेल, कारण देशाची घासाघीस करण्याची ताकद मोठी, असं समर्थक सांगतात. विरोधकांना मात्र उत्तर तिथेच मिळालेलं असतं.

बँकांबद्दलचे त्यांचे अंदाज किती खरे ठरले?

१९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या बँका आणि शेअर-रोख्यांचा धंदा करणाऱ्या बँका यांच्यात भिंत घातली होती. १९९९ मध्ये ती भिंत पाडली गेली. सँडर्स यांनी विरोधात मत दिलं. २००८ मध्ये बँका कोसळल्या, तेव्हा ७० हजार कोटी डॉलरच्या बचाव योजनेलाही त्यांनी विरोध केला. जी बँक इतकी मोठी आहे की ती बुडू देता येत नाही, ती मुळात अस्तित्वातच नको, हे त्यांचं सूत्र.

मार्च २००९ मध्ये त्यांनी फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांना विचारलं की, तुम्ही आणीबाणीत कोणत्या बँकांना कर्ज दिलं, त्यांची नावं सांगाल का? बर्नान्की यांनी नकार दिला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी खासदाराला असं उत्तर दिल्यावर जेवढी चर्चा होईल, तेवढी तिथे झाली. मे २०१० मध्ये या कर्जांची तपासणी करण्याची सँडर्स यांची दुरुस्ती ९६ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाली.

२०११ च्या तपासणी अहवालातून १६ लाख कोटी डॉलर हा आकडा पुढे आला आणि सँडर्स यांनी तो खूप वापरला. इथे थोडं सावध राहायला हवं. एका दिवसाचं कर्ज रोज नव्याने घेतलं तर या बेरजेत ते रोज नव्याने मोजलं गेलंय. मुदतीचा हिशेब लावला की आकडा १ लाख कोटी डॉलरच्या थोडा पुढे उरतो. तोही मोठा आहे, पण १६ लाख कोटी नाही.

२०१८ मध्ये बँकांवरचे नियम सैल करणारा कायदा आला. कडक देखरेखीची मर्यादा ५ हजार कोटी डॉलरवरून २५ हजार कोटी डॉलर मालमत्तेपर्यंत नेली गेली. अनेक डेमोक्रॅटांनीही त्याला पाठिंबा दिला, सँडर्स यांनी विरोध केला. मार्च २०२३ मध्ये सुमारे २१ हजार कोटी डॉलर मालमत्तेची सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. म्हणजे बरोबर त्या सैल केलेल्या पट्ट्यातली. फेडरल रिझर्व्हने स्वतः केलेल्या परीक्षणात नियम सैल केल्याचा वाटा मान्य केला, पण बँकेच्या व्यवस्थापनाचा आणि धोका दिसूनही हालचाल न करणाऱ्या तपासनीसांचा दोषही दाखवला. सँडर्स यांचं निदान बरोबर होतं, पण ते पूर्ण नव्हतं.

क्रेडिट कार्डाच्या व्याजाचं काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सँडर्स यांनी रिपब्लिकन सिनेटर जॉश हॉली यांच्यासोबत एक विधेयक आणलं. क्रेडिट कार्डावरचं व्याज पाच वर्षांसाठी १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशी त्यात तरतूद आहे. सध्या तिथे सरासरी व्याज २० टक्क्यांच्या वर आहे. गंमत म्हणजे १० टक्क्यांचं आश्वासन प्रचारात ट्रम्प यांनीही दिलं होतं. बँकांचं म्हणणं, असं झालं तर ज्यांची पत कमी आहे त्यांना कार्डच मिळणार नाही आणि ते खासगी सावकाराकडे जातील.

हा वाद आपल्यालाही नवा नाही. भारतात अनेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला ३ टक्क्यांहून जास्त, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांच्या पुढे व्याज लागतं. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांहून जास्त व्याज म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा, असा निकाल दिला होता. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. हा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे, असं न्यायालयाने म्हटलं. किनारा वेगळा, प्रश्न तोच : व्याजाची मर्यादा बाजाराने ठरवायची की कायद्याने?

सँडर्स यांना 'आपला माणूस' मानणाऱ्या भारतीय चाहत्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एच-१बी व्हिसावर ते कडक टीका करतात. या व्हिसावर स्वस्तात कामगार आणून कंपन्या अमेरिकी पगार खाली खेचतात, हे त्यांचं जुनं मत आहे. पुण्या-मुंबईच्या ज्या घरातलं कुणी न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये आहे, त्या घरासाठी विम्याच्या प्रश्नावर ते मित्र असतील, पण व्हिसाच्या प्रश्नावर नाहीत.

त्यानंतर काय होणार होतं?

सरकारचा बहुतेक खर्च ३० जानेवारी २०२६ पर्यंतच मंजूर झाला होता. त्याआधी डिसेंबर २०२५ मध्ये विमा सवलतीवर सिनेटमध्ये मतदान व्हायचं होतं. तिथे ६० मतं जमणं अवघड दिसत होतं. जमली तरी प्रतिनिधी सभागृहात तो विषय घेतला जाईल याची खात्री नव्हती.

सँडर्स यांच्या टीकाकारांचा एक आक्षेप नेहमीचा आहे : भाषणं भरपूर, कायदे मोजके. त्यात तथ्य आहे. २०१४ चा माजी सैनिकांच्या उपचारांचा कायदा सोडला, तर त्यांच्या पुढाकारातून मंजूर झालेले मोठे कायदे पटकन आठवत नाहीत. आणि तो कायदाही त्यांनी रिपब्लिकन जॉन मॅक्केन यांच्याशी तडजोड करून केला होता. त्यांच्या खात्यावर जमा झालेली ठोस कामं, म्हणजे आरोग्य केंद्रं, फेडरल रिझर्व्हची तपासणी, सैनिकांचे उपचार, ही सगळी तडजोडीतून आलीत. ९ नोव्हेंबरला आठ जणांनीही तडजोडच केली. फरक असा की, सँडर्स यांनी दरवेळी माघार घेताना काहीतरी लिहून घेतलं होतं. या वेळी सवलतीबाबत हातात आलं ते फक्त मतदानाचं आश्वासन.

दरम्यान, २०२६ च्या विम्याची नोंदणी १ नोव्हेंबर २०२५ लाच सुरू झाली होती. १ जानेवारीपासून विमा हवा असेल तर बहुतेक राज्यांत १५ डिसेंबरपर्यंत नाव नोंदवावं लागणार होतं. म्हणजे साठीच्या त्या जोडप्याला सिनेटमध्ये पुढे काय होईल याची खात्री नसतानाच ठरवायचं होतं, ३० हजार डॉलरचा हप्ता भरायचा, की ६५ वर्षं पूर्ण होईपर्यंत आजारी पडायचं नाही.